चौथ्या गिअरची तबकडी

मनुबाईने उभ्या जन्मात कधी बढाई मारली नव्हती. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी इतके उपास धरणाऱ्या बाईच्या अंगात बढाई मारायला ताकद कुठून उरणार! पण त्या दिवशी आडावर कळशी घासता घासता तिच्या तोंडून निघालंच.

"माझ्या जोतीरामाच्या गाण्याची रेकार्ड निघाली! उद्या जत्रंत कर्ण्यावर वाजणार. ऐका म्हणावं समद्या गावानं!"

"अगं बया!" शालूबाईची घागर हातातच राहिली. "त्यो तर सांगलीत ट्रकाखाली झोपतोय न्हवं?"

झोपत नव्हता, ट्रक दुरुस्त करत होता. विश्रामबागेतल्या एका गॅरेजात. संध्याकाळी मालक घरी गेला की शटर अर्धं ओढून जोतीराम आणि त्याचे तीन दोस्त गिटारी काढायचे. त्यातला दिलावर ड्रम बडवायचा. त्याच्या घरात तीन पिढ्या लग्नाचा बँड, त्यामुळे काहीही बडवलं तरी मागून वरात निघाल्यासारखं वाटायचं. नाव ठेवलं होतं 'चौथा गिअर'. कॉलेजची पोरं बाहेर सायकलींवर बसून माना हलवायची. एका साप्ताहिकाने एकही गाणं न ऐकता 'सांगलीत तुफान येत आहे!' असं छापलं. सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर यांची पाटी झळकली. सांगलीने हार ओवून तयार ठेवले होते, गाणं तेवढं कानावर पडायचं बाकी होतं.

या सगळ्याने एकच माणूस हलला नाही. जोतीरामाचा बाप, फौजेतून पेन्शनीत निघालेला हवालदार आकाराम. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला होता, "गावानं एका तोंडानं चांगलं म्हटलं, तर वाजव तुझं गॅरेज जन्मभर. तोंडं दोन झाली, तर साताऱ्याला फौजेची भरती हाय. रांगंत हुबं ऱ्हायाचं."

"कबूल, आबा!" जोतीराम म्हणाला. पोरगं बापाचंच, शब्द दिला की दिला.

मनुबाईने मात्र ताट बाजूला सारलं. तिचा थोरला भाऊ पासष्ट साली असाच रांगेत उभा राहून गेला होता. परत आली ती त्याची ट्रंक. त्याच रात्री ती देवापुढे नवस बोलली, गाव एका तोंडाने जोतीरामाच्या गाण्याला चांगलं म्हणेपर्यंत गोड वर्ज्य! गल्लोगल्ली गुऱ्हाळं पेटलेल्या गावात ही बाई कोरा, अगोड चहा पिऊ लागली.

जत्रेच्या आदल्या दिवशी जोतीराम नमुन्याची एकुलती एक तबकडी घेऊन आला. बाकीच्या मागाहून पार्सलने यायच्या होत्या. मनुबाईने ती तव्यावरून पोळी उचलावी तशी दोन्ही हातांनी उचलली. केवढी ती काळी कुळकुळीत! दृष्टच लागायची!

आणि बायांनो, नवी वस्तू घरात आली की आपण काय करतो? विळी असो, सायकल असो, आधी हळदकुंकू! तिने जत्रेच्या पहाटे अंघोळ करून तबकडीला पाच बोटं ओलं कुंकू लावलं, वर हळद, वर अक्षता. देव्हाऱ्याला टेकवून उभी केली आणि चांगला प्रकाश पडावा म्हणून निरंजन अगदी तिच्या पायाशी ठेवलं. मग डोळे मिटून जपाला बसली. त्या दिवशी जप जरा लांबलाच, मागणंही तेवढंच मोठं होतं. डोळे उघडले तर तबकडी किंचित वाकल्यासारखी दिसली.

देवापुढे वाकली, असं तिला वाटलं. फार बरं वाटलं तिला!

जत्रेत देवळापुढे सारं गाव लोटलं. चौथा गिअर नव्या पांढऱ्या शर्टांत उभा राहिला. जोतीरामाने पाकिटातून तबकडी काढली, क्षणभर पाहिली, आणि पाठ फिरवून शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसली. मग कर्णेवाल्या बादशहाच्या हातात दिली.

"आयला, ही रेकार्ड हाय का पापड?" बादशहा म्हणाला.

"लाव तू!"

बादशहाने सुईच्या दांडीवर वजनाला एक नाणं ठेवलं आणि सुई सोडली. पहिल्या चार ओळी ठीक गेल्या. गाणं होतं घाटात तापलेल्या ट्रकचं. मग सुई दिलावरच्या ड्रमवर आली आणि तिथेच नांदू लागली. ढाँग डगडग! ढाँग डगडग! तबकडी वरखाली व्हायची तसा आवाजही वरखाली, जसा काही कुणी हुंदके देत हलगी वाजवतंय.

बादशहा सुई उचलायला वाकला, तोच रंगूबाईने केस सोडले!

"आली! देवी आली!" बायका ओरडल्या. तिच्यामागोमाग राहीबाई घुमू लागली, मग धोंडुबाई. फुगेवाल्याचे फुगे सुटले, बोकड दावं तोडून प्रसादाच्या पाटीत शिरला!

"थांबवू नगंस रं!" सरपंच नानासो कडाडले. "देवीनं गाणं मानलंय!"

"बंद कर पयलं!" देवळाचा पुजारी नाथाजी पायरीवरून ओरडला. "देवीची चेष्टा लावलीया ह्या पोरांनी!"

झालं! अर्धं गाव नानासोंकडे, अर्धं नाथाजीकडे. कर्ण्यापुढे एका अंगाने नारळ फुटू लागले, दुसऱ्या अंगाने चप्पल आली. आणि मधे तबकडी आपली, ढाँग डगडग!

गर्दीच्या कडेला आकाराम हात मागे बांधून उभा होता. "तोंडं दोन झाली," एवढंच म्हणाला आणि घराकडे वळला.

दिलावरने बादशहाची गचांडी धरली. "सुई बोथट तुजी!"

"माजी सुई? आरं, काल पुण्यासनं आणलीया!"

"सुईच खराब हुती," जोतीराम शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मनुबाई ओढ्यावर धुणं घेऊन गेली. पांढऱ्या शर्टाच्या टोकाला लालभडक डाग. तिने साबण लावला, दगडावर घासला. ओलं कुंकू ते, साबणाने आणखीच लाल होऊन पसरलं, निघालं नाही. मग तिला कळलं पोराने पाठ का फिरवली होती, आणि निरंजनापुढे तबकडी का वाकली होती तेही.

एसटीच्या थांब्यावर तिने त्याची बाही धरली. "जोतीराम, ती सुई नव्हती रं. मीच…"

"सुईच हुती, आई." त्याने तिचा पदर डोक्यावर सारखा केला. "आन् आबांना कायबी सांगायचं न्हाई. जेवत जा येळंवर."

गाडी साताऱ्याला गेली. उंची, छाती, सगळं मापात बसलं. बसणारच, बापाची हाडं!

बऱ्याच दिवसांनी दिलावर सायकलवर खोकं बांधून आला. पार्सल आलं होतं. सांगलीने काय म्हटलं ते त्यानेच सांगितलं. "कालेजची पोरं म्हनत्यात आवाज कमी. म्हातारी म्हनत्यात जास्त. त्या पेपरवाल्यानं लिवलंय, गाडी झकास पण घाटात बंद पडती. काकू, गावात एकदा चांगली लावूया. जोतीरामासाठी."

बादशहाने पारावर कर्णा बांधला. तबकडी सपाट, सुई नवी. आणि जोतीरामाचा आवाज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ निघाला. मनुबाईने तो अख्खा पहिल्यांदाच ऐकला. किती गोड गात होतं गं पोरगं! तिने पदर तोंडात धरला. गाणं संपलं.

मग रंगूबाई म्हणाली, "हे कसलं वो? ती पयली लावा की!"

"व्हय, पयलीच लावा!" नानासो म्हणाले.

"ती लय भारी हुती," नाथाजीही म्हणाला. नाथाजीसुद्धा!

"पयली लावा! पयली लावा!" सारा पार ओरडू लागला. एक तोंड वाकडं नाही, एक मान आडवी नाही. आकाराम लिंबाखाली उभा होता. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मनुबाईकडे पाहिलं आणि खाली मान घालून निघून गेला.

ती घरी आली तेव्हा तो चुलीपुढे बसून डोळे चोळत फुंकत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! तिने पदर खोचला तर म्हणाला, "बस तू."

चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "गाव एका तोंडानं बोललं न्हवं? तुझा नवस फिटला. गूळ घातलाय. पी."

"आन् भरतीचं, आवं?"

त्याने चुलीत एक काटकी सारली. "सही केलेला मानूस माघारी येत न्हाई," म्हणाला. "सुट्टीवर यील."

कोनाड्यात ती वाकडी तबकडी होती. तिची पूजा अजून रोज होते, मात्र निरंजन हातभर लांब आणि कुंकू नुसतं दाखवायचं. मनुबाईने तिला हात जोडले आणि कप तोंडाला लावला. गुळाने दूध फाटलं होतं, वर चोथा तरंगत होता. पुरुषमाणसाला काय ठाऊक, गूळ कधी घालायचा ते!

"गोड झालाय?" आकारामने विचारलं.

"लय गोड," ती म्हणाली, आणि चोथ्यासकट सगळा प्याली.