बिनताऱ्यांचा फ्रीज

आमच्या शेजारचे बबनभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना नाही, फ्रीजला भेटतात. चपला दारात, चष्मा नाकावर आणि थेट स्वयंपाकघरात. फ्रीजवरचं ताऱ्यांचं लेबल बोटाने पुसून वाचतात, मग चहा घेतात.

माझ्या फ्रीजला पाच तारे होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला नापास केलं.

"ताई, तारे काय मोजताय? खालचा आकडा वाचा. वर्साला किती युनिट, ते. आन् लेबल कुठल्या सालचं? जुने पाच तारे आताच्या तिनाला भारी न्हाईत."

"पण पाच आहेत ना, भाऊ?"

"मोठ्या फ्रीजचे पाच. दोन मानसांना येवढा कशाला? आत म्हैस बांधायची हाय?"

मी सगळं वहीत लिहून घेतलं. बरोबरच होतं.

भाऊ मूळचे वडिवळ्याचे. तळेगावला कारखान्यात फिटर होते, निवृत्तीनंतर इथे तुंगार्लीत आले. लोणावळ्याच्या बाजारात अनोळखी गिऱ्हाइकांनाही "आकडा वाचा, आकडा" म्हणून अडवतात. एका दुकानदाराने वैतागून त्यांना बाहेर स्टुलावर बसवलं, तर ते तिथे रचलेल्या पंख्यांच्या खोक्यांवरची लेबलं वाचत बसले. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र ते कुणाला नेत नसत.

यंदा आमच्या गल्लीने जुने फ्रीज देऊन नवे घ्यायचं ठरवलं. आग्रह भाऊंचाच, यादी माझी. सात घरं, पहिलं नाव भाऊंचं.

टेम्पो आला त्या सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं फाटक दिसत नव्हतं. भिंतींना ओल, दोरीवर चार दिवसांचे कपडे. मी यादी घेऊन हमालांच्या मागोमाग भाऊंच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच शिरले. जुना फ्रीज ताऱ्यांची लेबलं सुरू होण्याच्या आधीचा, खालून गंजलेला. वर चमच्यांचा स्टीलचा डबा. हमालाने डबा ओट्यावर ठेवला, जुन्याचा प्लग काढून नव्याचा लावला.

भाऊ नव्याला कान लावून उभे राहिले.

"चालू हाय का ह्यो?"

"चालूच आहे, काका," हमाल म्हणाला. "नव्यांचा आवाज येत नाही."

भाऊ तसेच ऐकत राहिले. बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. घरात काहीच वाजत नव्हतं. त्यांची बायको, आमची शांतामावशी, तीन वर्षांपासून पुण्याला मुलाकडे नातवंडं सांभाळते. 'दिवाळीला येतीये', हे भाऊ दर वर्षी सांगतात.

"जुना ऱ्हाऊ द्या," भाऊ म्हणाले. "नवा न्या परत."

"भाऊ, तो किती वीज खातो? तुम्हीच तर गल्लीला शिकवलंत."

"म्हाईत हाय मला."

त्यांनी स्वतः जुन्याचा प्लग लावला. तो लगेच सुरू होईना. आम्ही चौघं उभेच. पाचेक मिनिटांनी धडकन आवाज झाला आणि फ्रीज थरथरायला लागला. भाऊंनी ओट्यावरचा डबा उचलून परत वर ठेवला. आतले चमचे खुळखुळले.

"भाईर बसलो की आयकू येतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "वाटतं, ही आत कायतरी करतीये."

मी यादीतलं पहिलं नाव खोडलं आणि हमालांना नवा फ्रीज उचलायला सांगितला. दारातून वळून पाहिलं, तर भाऊ डबा बोटभर कडेला सरकवून पाहत होते, कुठे जास्त वाजतो ते.