थांबण्याचे कारण कळवा

तुम्ही कामावर आहात आणि खिशातल्या मोबाईलने विचारलं, 'आपण बराच वेळ एकाच ठिकाणी आहात, थांबण्याचे कारण कळवा,' तर तुम्ही काय कराल? 'ट्रॅफिक' असं लिहाल आणि मोकळे व्हाल. सगळं जग तेच करतं. आमचे हिराजीदादा कोळी मात्र खरं कारण सांगतात. तेही लिहून नाही, बोलून. पलीकडच्या होडीतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, अशा आवाजात.

"लघवीला थांबलू गो बाय! आता हे पन कलवायचं काय?"

हा व्हॉइस मेसेज मी तुर्भ्याच्या आमच्या ऑफिसात स्पीकर चालू असताना ऐकला. समोर एका सोसायटीचे चेअरमन चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "आमचे सीनियर मेकॅनिक आहेत." दुसरं काय म्हणणार, कपाळ माझं!

आम्ही लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं. नवी मुंबईत टॉवर उगवले तशा लिफ्ट उगवल्या, आणि लिफ्ट म्हटली की ती बंद पडणारच. मी कंट्रोल रूम सांभाळते. कंट्रोल रूम म्हणजे एक टेबल, एक मोठा पडदा आणि मी. पडद्यावर नकाशा, आणि नकाशावर फिरणारे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक मेकॅनिक. सांगितलेल्या वाटेवर असला की हिरवा. भलतीकडे वळला किंवा रेंगाळला की लाल. लाल झाला रे झाला की ॲप त्याला आपोआप मेसेज पाठवतं, कारण कळवा म्हणून. त्यात माझा काडीचा हात नसतो. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली.

ॲप बसवायला आलेल्या शहाण्याने त्या मेसेजखाली माझं नाव टाकून ठेवलं. 'वैशाली, कंट्रोल रूम.' बाकीच्यांना कळत होतं की हे मशीनचं काम आहे. हिराजीदादांना ते पटवता पटवता माझा घसा बसला.

"दादा, अहो ते मी नाही विचारत. मशीन विचारतं."

"मशीन कशाला इचारेल? मशीनला माझं काय परलंय?"

"माझं नाव नुसतं खाली छापलंय हो!"

"इचारायचं तं इचार. लाजतंस कशाला?"

मी कराडकडची. आमच्याकडे सरळ बोलतात आणि एकदाच बोलतात. या माणसापुढे मी हात टेकले.

दादा दिवाळे गावचे, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. घर जेटीच्या तोंडाशीच. तरुणपणी होडीवर जायचे. पण लग्न झाल्यावर बायकोने, जनाबाईंनी, धोशा लावला. हा पाण्यावर गेला की तिला अन्न गोड लागेना. शेवटी दादांनी होडी सोडली आणि मशीनचं काम शिकले. समुद्र सोडला, पण आवाज तिथलाच राहिला. चालही तीच, पाय फाकवून, जमीन हलतेय अशी. कंपनीचा मोबाईल ते जाळ्याच्या दोरीने गळ्यात लटकवतात, वर प्लॅस्टिकची पिशवी. लिफ्टशी बोलतात. "काय गो, कशाला रुसलीस? चल वर!" आणि ती जाते वर, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यात काही चमत्कार नाही. तोवर त्यांनी वायर बदललेली असते. श्रेय मात्र ते बोलण्याला देतात.

ॲप आलं तेव्हा आमच्या मेकॅनिकांनी अक्कल लढवली. पावणे गावातल्या एका चहाच्या टपरीवर पाच-सहा मोबाईल एका पिशवीत ठेवून माणसं आपापल्या कामाला पसार. पडद्यावर सगळे ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले. एकाने तर मोबाईल मशीनरूममध्ये टांगून ठेवला आणि साडूच्या हळदीला जाऊन नाचून आला. दादांना ही युक्ती कोणीतरी शिकवायला गेलं. ते असे भडकले की तो मशीनरूममधून उतरायला शिडी शोधू लागला.

"मी काय चोर हाय? मी जातंय तिथं मोबाईल घेऊन जानार. बघू दे ना! सगल्यांना बघू दे!"

आणि खरंच दाखवायचे. खारघरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा कुरकुर केली, तुमचा माणूस वेळेवर येत नाही, मला त्याचं लोकेशन पाठवा. दादांनी लोकेशन पाठवलं. एवढ्यावर भागलं असतं तर ते हिराजीदादा कसले? वाटेत गाडी थांबवून थांबवून त्यांनी सेक्रेटरीला फोन लावले. "सिग्नलला हाय. आता सुटला सिग्नल." "टेम्पो आरवा आलाय, लाल रंगाचा." "पेट्रोल भरतंय, दिसतंय ना?" शेवटी सेक्रेटरी मला काकुळतीला येऊन म्हणाले, "मॅडम, त्यांना उशिरा येऊ द्या, पण फोन करू नका म्हणावं."

एवढं सगळं ठीक होतं. कंपनीच्या डोळ्यावर आली ती दुपार. दादा कुठेही असोत, नेरूळला असोत की खारघरला, दुपारी त्यांचा ठिपका वाट सोडायचा आणि दिवाळ्याला जाऊन लाल व्हायचा. नियम असा, की ज्या सोसायटीत काम चालू असेल तिथेच जेवायचं, डबा आणायचा. दादा घरी जायचे. रोज ॲप विचारायचं, रोज दादा सांगायचे. "बोंबील उलटं करतंय." "भात लावलाय, शिट्टी यायची हाय." "मांजरीनं सुकट पलवली, तिच्या मागं आयलू." हे मेसेज ऐकल्याशिवाय माझाही डबा उघडत नसे.

आमचे नवे मॅनेजर निखिल सर. मनाने वाईट नाहीत, पण पडद्यावर जे दिसतं तेवढंच खरं मानणारे. एके दिवशी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि ओरडलेच.

"मॅडम! हा माणूस खाडीत आहे!"

ठिपका खरोखर पाण्यात होता. सॅटेलाइटचं कधीकधी हुकतं, जेटीवरचा माणूस खाडीत दाखवतं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी फोन लावला.

"दादा, नकाशात तुम्ही पाण्यात दिसताय."

"मी जेटीवर उभा हाय गो. तुझा नकाशा बुरालाय, त्याला काढ बाहेर!"

मी हसले. सर नाही हसले. त्यांना एवढंच कळलं, की ड्यूटीच्या वेळेत आपला मेकॅनिक जेटीवर उभा आहे. त्यांनी मागचे सगळे नकाशे काढायला लावले, आणि शनिवारच्या मीटिंगला दादांचा लाल ठिपका भिंतीएवढा मोठा करून सगळ्यांसमोर लावला.

"हिराजी, हे काय आहे?"

दादा उभे राहिले. गळ्यातली पिशवी सरळ केली. "मीच हाय तो. लाल दिसतंय बरा."

"रोज दुपारी दिवाळ्याला?"

"घरी जेवाया जातंय. लगीन झाल्यापासून जातंय. कामाचा वेल मी संध्याकाली भरून देतंय, तो पन बघा ना पडद्यावर."

"प्रश्न वेळेचा नाही, नियमाचा आहे. सोमवारपासून दुपारी हा ठिपका दिवाळ्यात दिसला, तर मग घरीच बसायचं. कायमचं." एवढं बोलून सर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते समजुतीच्या सुरात पुढे म्हणाले, "आणि आता तुमच्या घरी आहे कोण? मिसेस तर गेल्या ना? मग डबा आणायला काय हरकत आहे?"

जनाबाई ॲप येण्याच्या थोडं आधीच गेल्या होत्या. मुलगा मोठ्या जहाजावर, महिनोन्‌महिने पाण्यात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. माझं तर पित्तच खवळलं.

दादा शांतपणे म्हणाले, "कोन नाय. पन घर हाय ना."

मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "साहेब, यात तुमचा ठिपका कंचा?"

"म्हणजे?"

"आमचं सगल्यांचं ठिपकं हायेत. तुमी जेवाया कुठं जातंव? तुमचा पन लावा. मी बी बघतंय, ही पोरं बी बघतील. लाल झालाव तं कारन कलवा."

मागून कोणीतरी फस्‌कन हसलं. दादांनी गळ्यातली दोरी काढली आणि मोबाईल टेबलावर ठेवला. "सोमवारी मी घरी जेवाया जानार. मना काढायचं तं आत्ताच काढा, म्हंजे बाजारातून जाताना मासली घेऊन जातो."

त्याच्या शेजारी दुसरा मोबाईल आला. मग तिसरा. ज्यांनी टपरीवर मोबाईल लपवले होते, ते सगळे आता राजरोस टेबलावर ठेवत होते. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी उठले, कानावरचा हेडफोन काढला आणि त्या ढिगावर ठेवला. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं घरच्या माणसाने शेजाऱ्यांची बाजू घ्यावी. म्हटलं, बघा!

सोमवारी लिफ्ट बंद पडणार होत्या आणि त्या सरांच्या बोलण्याने वर जाणार नव्हत्या. त्याच शनिवारी दुपारपर्यंत तोडगा निघाला. हिराजी कोळी जुने माणूस, त्यांना ॲपमधून वगळावं. कामं फोनवर सांगावीत. दुपारी कुठे जेवायचं, ते त्यांचं ते बघतील. मी माझ्या हाताने त्यांचा ठिपका पुसला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. दादांनी संध्याकाळी ऑफिसात सुक्या बोंबलाची जुडी आणून ठेवली, आणि एसीतून तो वास दोन दिवस गेला नाही. आमचा विजय झाला होता.

सोमवारी दुपारी मी डबा उघडला. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गो बाय, जिती हायस काय?"

"आहे की दादा. काय झालं?"

"आज इचारलं नायस."

"काय विचारलं नाही?"

"कुठं थांबलाव म्हनून. मी घरी येऊन कवाचा बसलोय."

मी हसत म्हटलं, "अहो दादा, तुम्हाला ॲपमधून काढलं ना! त्यासाठीच तर भांडलात एवढे."

मग दादा बोलले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या माणसाला ऐकू जाईल एवढाच होता.

"मी घरी जानार म्हनून भांरलू. तू इचारू नको म्हनून कवा भांरलू?"

मी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"जना होती तवा रोज फोन करायची. कुठं हायस, भात थंड झाला. मी वरडायचू तिच्यावर. येतंय ना, कशाला जीव खातंस? ती गेली, मोबाईल गप झाला. घरी यायचू, जेवायचू, जायचू, कोनाला काय. मंग तू इचाराया लागलीस. मना वाटलं, चला, कोनतरी हाय. आता मी कुठं परलू तरी कोनाला कलनार गो?"

'दादा, ती मी नव्हते, मशीन होतं,' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. किती वेळा ऐकवलं होतं त्यांना! कराडच्या माणसाला खोटं बोलायला जड जातं. पण त्या क्षणी खरं बोलणं मला जमलं नाही आणि बोलायचंही नव्हतं.

"विसरले हो दादा," मी म्हटलं. "सकाळपासून मान वर करायला फुरसत नव्हती."

"काम, काम करतंस. जेवलीस काय?"

"जेवतेच आहे."

"मंग जेव. बोलतंस काय खाताना?" आणि फोन बंद.

सांगते सरळ, मला रडू आलं. समोर पोळी-भाजी, आणि मी तोंडाला ओढणी लावून बसलेली. त्या मशीनचा मला असा राग आला, की बस्स! जे काम माणसाचं, ते हे फुकट करत होतं, आणि नाव माझं घेत होतं.

तेव्हापासून दुपार झाली की मी माझ्या मोबाईलवरून स्वतः टाइप करते. शब्द तेच ठेवलेत, नाहीतर दादांना संशय यायचा. 'आपण बराच वेळ एकाच ठिकाणी आहात. थांबण्याचे कारण कळवा. वैशाली, कंट्रोल रूम.'

परवा निखिल सरांनी ते बघितलं. माझ्या खुर्चीमागे उभे राहायची त्यांची सवय काही गेलेली नाही.

"मॅडम, हिराजींना आपण ॲपमधून काढलंय ना?"

"काढलंय."

"मग हे कोण विचारतंय त्यांना?"

"मी."

"तुम्ही? ऑफिसच्या वेळेत? कारण काय?"

"कारण कळवणार नाही," मी म्हटलं. "करा मला लाल."

ते काही बोलणार, तेवढ्यात उत्तर आलं. मी मुद्दाम स्पीकर चालू केला. सगळ्या ऑफिसात तो होडीवरचा आवाज घुमला.

"जेवाया थांबलू गो बाय! निवट्यांचं कालवन हाय. आता हे पन कलवायचं काय?"

मागे भांड्याचा आवाज झाला. मग दादा जरा हळू म्हणाले, "उद्या पन इचार."