सबनीसांचा कोमल गंधार

"सबनीसांचा कोमल गंधार कंपनी आज उचलून नेणार, आणि मग सबनीस..." एवढंच जिन्यात ऐकू आलं. ढवळेबाई लिफ्टमध्ये शिरल्या आणि दार लागलं.

मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय नाही, पण सबनीस समोरच राहतात. ते गाण्यांना चाली लावतात. कोमल गंधार हा त्यांचा जिवाचा सूर. तो लागला की माझी पोळी तव्यावर करपते. त्यांची गाणी काढणाऱ्या कंपनीने मात्र लेखी कळवलं होतं की या सुरापाशी लोक ऐकता ऐकता गाणं बंद करतात, सबब सूर जमा करून घेण्यात येईल.

अकरा वाजता सबनीस दारात आले. हातात माझी वाटी, वर ताटली.

"मालूताई, परवाची तुमची वाटी. आमटी छान होती."

"एवढी घाई काय होती?"

"आज आहे. रिकामी कशी देणार, म्हणून आत गंधार ठेवलाय. नव्या चालीची दुसरी ओळ त्याच्यावरच उभी आहे. तो गेला तरी चाल होईल, पण माझी नसेल."

मी वाटी ओट्यावर ठेवली.

बारा वाजता कंपनीचे दोन गृहस्थ आले. सभ्य होते, चपला बाहेर काढल्या. सबनीसांच्या पेटीची गंधाराची काळी पट्टी दाबली. नुसती हवा आली. तंबोऱ्याच्या भोपळ्यातही हात घालून पाहिला. मग माझ्याकडे आले.

"बाई, या वाटीत काय आहे?"

"विरजण लावलंय."

"उघडून बघावं लागेल."

"बघा की. हलवल्याने दही लागलं नाही, तर संध्याकाळी आमच्या ह्यांना कढी तुम्ही करून घाला."

थोरले गृहस्थ विचारात पडले. "राहू दे. आमच्याही घरी हलवलेलं चालत नाही."

"साहेब, आतून बारीक आवाज येतोय," धाकटे म्हणाले.

"लागताना येतो," मी म्हटलं.

त्यांनी तसं लिहून घेतलं. पेटीची पट्टी काढून नेली आणि सबनीसांना पावती दिली.

संध्याकाळी ढवळेबाईंना गाठून उरलेलं वाक्य विचारलं.

"मग सबनीस चाली लावणं सोडणार, असं म्हणत होते मी."

त्यांचं थोडंफार खरं निघालं, पट्टी गेली. सबनीस रोज चारला येतात, ताटली जराशी सरकवतात, दुसरी ओळ गुणगुणतात आणि चहा घेऊन जातात.

विरजण मी आता पेल्यात लावते.