पाहुण्यांसाठी भरलेले तक्के

पाहुणे येणार म्हटल्यावर निवृत्ती लोहाराला एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे स्वतःच्या खोकल्याची. पुष्पांजलीची, त्याच्या लेकीची, एक सोयरीक या खोकल्यापायीच मोडली होती. बापाला टीबी दिसते, असं पुटपुटत ती मंडळी चहा अर्धा टाकून उठली होती. म्हणून या खेपेला त्याने दाढेत लवंग धरली आणि कमी बोलायचं ठरवलं.

खोकला लागला तो गॅसची भट्टी आणल्यापासून. आजा आणि बाप कोळशाच्या धुरात खोकून खोकून गेले, म्हणून ही बिनधुराची भट्टी. आत पांढऱ्या लोकरीसारखं अस्तर. विकणाऱ्याने बजावलं होतं की अस्तरावर लेप द्या, तोंडाला मास्क बांधा, नाहीतर त्याचे बारीक तंतू छातीत जातात आणि तिथेच ठाण मांडतात. निवृत्तीने मान डोलावली आणि घरी कोणाला काही सांगितलं नाही. जिथे धूरच नाही तिथे मास्क कशाला? शिवाय पिंपळगाव राजातली माणसं हसली असती ती वेगळीच!

उरलेलं अस्तर माळ्यावर होतं. ते सापडलं त्याच्या बायकोला, पुष्पाबाईला. नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून लहानाची मोठी झालेली बाई. पांढरं आणि मऊ दिसलं की तिच्या लेखी तो कापूस. त्यात ना सरकी, ना कचरा! तिने नवऱ्याला न विचारता दोन तक्के भरले आणि वर झिरझिरीत नवी खोळ चढवली. हात चुणचुणले तेव्हा खोबरेल चोळलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील नारायणराव ऐटीत तक्क्याला रेलले. पोहे येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी मान खाजवली. मग नवरदेव हरिओम भिंतीला पाठ घासू लागला. त्याची आई सोजराबाई आधी पदराआडून आणि मग लाज सोडून खाजवू लागली. पुष्पांजली चहा घेऊन आली तेव्हा कप धरायला कोणाचा हात मोकळा नव्हता.

"निवृत्तीभाऊ, घरात खरूज हाय काय?" नारायणराव उठायच्या बेतात होते.

निवृत्तीने तक्क्याची शिवण उसवली आणि कपाळावर हात मारला. "खरूज नाई पाव्हणे. माह्या भट्टीची लोकर होय हे. आंघोळ केली का खाज जाते."

पाहुण्यांना पटेना. लेकीची सोयरीक पुन्हा मोडायला आलेली. मग काय, निवृत्तीने विकणाऱ्याचं सगळं बोलणं, लेपापासून छातीतल्या तंतूंपर्यंत, घडाघडा सांगून टाकलं. त्या नादात लवंग गिळली गेली आणि सकाळपासून दाबलेला खोकला उसळून बाहेर आला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकत राहिला.

नारायणरावांचा चेहरा मात्र उजळला. "म्हंजे हा खोकला बी त्या लोकरीचाच? टीबी नाई?"

"नाई," निवृत्ती म्हणाला. आपण काय कबूल केलं ते त्याला जरा उशिरा उमगलं.

"मंग काई हरकत नाई. कोनाले लागत तं नाई ना!"

सोयरीक पक्की झाली. पाहुण्यांनी आळीपाळीने आंघोळी उरकल्या आणि निवृत्तीचे सदरे, पुष्पाबाईचं लुगडं अंगावर चढवून पेढे खाल्ले. टीबी नाही म्हणून घरादाराला हायसं वाटलं. पुष्पाबाई तेवढी न्हाणीपाशी बसून, तंतू उडू नयेत म्हणून तक्क्यांवर पाणी ओतत होती.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली तेव्हा ती म्हणाली, "खाज आंघोळीनं गेली. अन् तुमच्या आत गेलं, ते कायनं निघन हो?"

निवृत्तीने हातातला पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागणार नव्हतं.