लोटनभाईंची तेलाची लाईन

आमच्या तापीकाठच्या गावातून तेलाची पाइपलाईन जात नव्हती, जाणारही नव्हती. तरी तिची मालकी हा लोटनभाईंचा खास विषय. केळीच्या बागेत माणूस गाठायचा आणि विचारायचं, "अंकलेश्वरनी लाईन कोननी शे, सांग!" तो काहीही म्हणो, ते चूकच.

महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले त्या सुमारास अंकलेश्वरला तेल लागलं. ते बडोद्याकडे न्यायला नळ पुरले, ते नेमके लोटनभाईंच्या व्याह्याच्या शेतातून गेले. व्याह्याने कपाळावर हात मारला. लोटनभाईंनी गावात पेढे वाटले!

"जमीन आधी राजानी, मंग साहेबनी, मंग व्याहीनी. आते पट्टी सरकारनी! खाले तेल, वर सरकार!" असं म्हणून मांडीवर थाप.

मी गावचा तलाठी, मालकी हाच माझा धंदा. एकदा म्हटलं, "अहो, सरकारला फक्त नळ पुरायचा हक्क मिळालाय. जमीन व्याह्याचीच."

झालं! त्या दिवसापासून बोलणं बंद. चावडीसमोरून जाताना माझ्या बाजूने छत्री आडवी धरायचे, ऊन असो वा नसो. मग एके दिवशी स्वतःच आले. "भाऊसाहेब, लाईन देखाले चाला."

मीही हट्टी. निघालो. खांडबाऱ्याला गाडी थांबली तशी त्यांनी फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून घेतला. व्याह्याच्या अंगणात मात्र उभ्यानेच रामराम. "आमनामा लेकीना घरनं पानी चालस नही," म्हणाले आणि तडक शेतात.

मागोमाग त्यांची लेक सुमन आली, डोक्यावर टोपली. नळाच्या खुणेचे दगड होते, त्यांच्या आत लोटनभाई जोडे काढून बसले. तिने भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. हा बडबड्या माणूस मान खाली घालून जेवत होता, पुन्हा पुन्हा भरीत मागत होता. एवढ्या लांब दिलेल्या लेकीला बापाच्या पानात वाढायला जगात ही एवढीच जागा होती.

घरून आणलेलं पाणी त्यांच्या रिकाम्या तांब्यात ओतता ओतता ती थांबली. "भाऊसाहेब, तुम्ही तलाठी शेतस. ही पट्टी सरकारनीच शे ना? मन्हामुळे आबाना नेम मोडाले नको."

लोटनभाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सरकारचीच," मी ठणकावून सांगितलं. "ओत पाणी."

लोटनभाईंनी तांब्या उचलला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.