इंगोले सर आणि गाळलेली मेथीवाली

आमचे इंगोले सर कॉम्प्युटरचं बटण दाबू देण्याआधी विद्यार्थ्याला उभं करतात अन् विचारतात, "हा आकडा कोन्या मानसाचा हाय? नाव सांग." बी.ए. अर्थशास्त्राच्या पोरांना अख्ख्या अमरावतीत कोणी असं छळतं का हो? बाकी ठिकाणी पोरं सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकतात, ठिपक्यांमधून रिग्रेशनची सरळ रेघ निघते, मार्क पडतात, सुटले! आमची कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे, म्हणून सरांचा आरडाओरडा रोज माझ्याच कानाशी. मीही अकोल्याची आहे म्हणा, आवाज मलाही आहे.

यंदा प्रणाली नावाच्या पोरीने भाजीबाजाराचा प्रकल्प केला. चौकापासून दुकान दूर गेलं की मेथीचा भाव उतरतो का, एवढंच बघायचं होतं. आलेख झकास आला, सगळे ठिपके रेघेला चिकटून. दुसऱ्या दिवशी प्रकल्प जमा करायचा होता, फक्त सरांची सही हवी होती.

सर भडकले. "बाजार हाय का परेड? कोनाले गाळलं?"

पोरगी रडकुंडीला आली. "सर, एक बुढी हाये. ऐन चौकात बसते अन् अर्ध्या भावात विकते. तिच्यानं रेघ बिघडून राहिली होती."

"मंग बिघडू दे ना! जितीजागती बाई डिलीट केली तुनं!"

सही नाही म्हणजे नाही. माझं डोकंच फिरलं. "सर, एका मेथीवालीपायी पोरीचं वर्ष बुडवता?"

"ऑटो बोलवा," सर म्हणाले.

आम्ही तिघं बाजारात गेलो अन् त्यांनी म्हातारीलाच दरडावलं. "माय, अर्ध्या भावात काहून विकून राहिली?"

"मंग काय करू, बापा? सस्तं हाये म्हनून चार बाया येतात, घडीभर बोलतात. घरी बोलाले कोनी हाये का?"

सर तिच्या शेजारी पोत्यावर टेकले. लॅबमध्ये परत येऊन प्रणालीने म्हातारीला आकड्यांत घेतलं, तिचं कारणही लिहिलं. आलेख पार विसकटला. सरांनी सही केली.

तेव्हापासून सर रोज संध्याकाळी बाजारात म्हातारीपाशी जाऊन बसतात आणि सकाळी मेथीच्या जुड्या माझ्या टेबलावर आणून आपटतात. फायलींत माती, सगळीकडे पानं! शेवटी मी ओरडले, "सर, घरी न्या ना ही मेथी!"

"घरी कोन रांधते, मॅडम? तुमची वहिनी गेल्यापासून डबा मेसचा येते. मी मेथीसाठी थोडीच जातो?"

दुसऱ्या दिवशी भाजी करून मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. मीठ जास्त पडलं होतं, मलाच कळत होतं. सरांनी निमूट सगळी खाल्ली, काहीच नावं ठेवली नाहीत. आणि मेलं तेच मला सहन होईना.