माईंना सांभाळायचं कोणी?

माईंना घरी सांभाळावं की वृद्धाश्रमात ठेवावं, हा विषय रविवारी सकाळी साडेदहा वाजता दिवाणखान्यात चर्चेला घेण्यात आला. मुलगा आणि सून उपस्थित होते. माई आत चहा करत होत्या, म्हणून त्यांची संमती गृहीत धरण्यात आली.

माई एकोणऐंशी वर्षांच्या. टेलिफोन ऑफिसात तेहतीस वर्षं ऑपरेटर होत्या. काहीही कानावर पडलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, ही तिथली शिस्त. त्यामुळे त्या शांतपणे चहा घेऊन बाहेर आल्या. फक्त साखर दोनदा पडली होती.

"आई, तुझ्याच भल्यासाठी गं," मुलगा म्हणाला. "तुझं सगळं करणं आम्हाला झेपेल का?"

"माझं सगळं म्हणजे काय काय रे?"

मुलाला एकही काम आठवेना. मग तज्ज्ञांना बोलवायचं ठरलं.

मंगळवारी वृद्धाश्रमाच्या तपासनीस बाई चाळीस गुणांचा तक्ता घेऊन आल्या. पंधराच्या खाली गुण पडले, तर निवासी देखभाल अनिवार्य. माईंना छत्तीस पडले. चार गेले, कारण "काही दुखतं का?" या प्रश्नाला त्यांनी "कोणी विचारलं नाही तर नाही," असं अस्पष्ट उत्तर दिलं.

"म्हणजे यांना घरी ठेवता येईल," बाई म्हणाल्या. "आता तुमची तपासणी."

"आमची कशाला?" सून दचकली.

"नियम सतरा. सांभाळ करणारी व्यक्ती स्वतःच सांभाळण्याजोगी नसावी."

मुलाला पहिल्यांदा बायकोचा फोन नंबर विचारला. त्याने खिशातून मोबाइल काढला.

"बघून नाही. रक्तदाबाची गोळी कुठली घेता?"

"आई देते ती."

"गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे?"

"आई!" मुलाने हाक मारली.

माईंनी मागून हळूच उत्तर सांगितलं, तर बाईंनी कॉपीबद्दल दोन गुण कापले. मग जमिनीवरचं पेन उचलायला सांगितलं. मुलगा निम्मा वाकला आणि तिथेच अडकला. "आई गं!" ही दुसरी हाक म्हणून नोंदवण्यात आली.

त्याचे एकूण गुण नऊ. सुनेला मीठ शोधायला सांगितलं. तिसऱ्या कपाटात तिला लग्नात आलेला, हरवला म्हणून रडून झालेला कॅमेरा सापडला, मीठ नाही. तिला अकरा.

"अहो, मी उपव्यवस्थापक आहे!" मुलगा कळवळून म्हणाला. "माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत!"

"बावीस माणसं लागतात," बाईंनी लिहून घेतलं.

"पण आम्ही म्हातारे कुठे आहोत?" सुनेने विचारलं.

"वयाची अट मागच्याच परिपत्रकाने काढली. तिच्यामुळे पुष्कळ धडधाकट माणसं आत येऊन बसत होती."

दोघांच्या प्रवेश अर्जावर पालक म्हणून सही माईंची लागणार होती. त्यांनी पेन हातात घेतलं. मुलगा त्यांच्याकडे बघत होता; लहान असताना तापाने फणफणला की असाच बघायचा.

"आई, करू नकोस ना सही."

"तुझ्याच भल्यासाठी रे राजा," माई म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

पहिल्या रविवारी त्या भेटायला गेल्या. व्हरांड्यात चाळिशी-पंचेचाळिशीची माणसं ओळीने बसली होती आणि काठ्या टेकत आलेले आईबाप त्यांना फळं कापून देत होते. मुलगा दोन किलोंनी भरला होता.

"इथे गोळी वेळेवर देतात गं," तो म्हणाला. "पाणीसुद्धा हातात. पण करमत नाही. पुढच्या रविवारी येशील ना?"

पण पुढच्या रविवारी जुन्या ऑपरेटर मैत्रिणींची सहल होती, आणि खिडकीजवळची जागा पकडायची तर सहालाच निघायला हवं होतं.

"बघते बाळा," त्या म्हणाल्या. "वेळ मिळाला तर नक्की."

फाटकाशी त्या थबकल्या. वळून पाहिलं. मुलगा हात हलवत होता; सुनेने त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं, तेही चुकीच्या काजात. माईंनी डोळे पुसले आणि नवीन बूट घ्यायला बाजाराकडे वळल्या.

सध्या आश्रमात जागा नाही. नवी तीन मजली इमारत उठते आहे आणि ती भरायची म्हणून तपासनीस बाई घरोघर हिंडताहेत. तुमच्या गल्लीतही येतील. दाराची घंटा वाजली, की बसल्या जागेवरून "आई, बघ गं कोण आलंय!" असं ओरडू नका. बाई बाहेर कान देऊन उभ्या असतात, आणि त्याचे सरळ पाच गुण जातात.